नवख्याला शिकवायचं कुणी?

जुलै-ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्या सुरू झाल्या की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत एकच हिशेब चालतो. कॉम्प्युटर मिळेल का, नाही मिळालं तर आयटी, तेही नाही तर एआय-डेटा सायन्स, अगदीच नाही तर ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन). कट-ऑफ, कॉलेजचं नाव, हॉस्टेल, शैक्षणिक कर्ज, गेल्या वर्षीचं 'हायेस्ट पॅकेज', सगळ्याची बारीक चौकशी होते. चार वर्षांनी हे मूल कामाला लागेल तेव्हा पहिल्या वर्षी त्याला काम शिकवणार कोण, एवढं मात्र कुणी विचारत नाही. बरीच वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहिण्यात आणि मुलाखती घेण्यात गेल्यावर माझी खात्री झाली आहे की या क्षेत्रातलं करिअर घडतं किंवा बिघडतं ते याच प्रश्नापाशी. आज त्याचं खरं उत्तर असं आहे की शिकवणारं कुणी नाही. शिकण्याचा खर्च आईबापांनी करायचा आणि तयार झालेला माणूस कंपनीनं आयता उचलायचा. ही रीत अन्यायाची आहे, उद्योगाच्याही नुकसानीची आहे, आणि ती बदलता येण्यासारखी आहे.

पूर्वी असं नव्हतं. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि तालुक्याच्या गावातल्या मुलांना इंजिनिअर होण्याची वाट मोकळी झाली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही केंद्र सरकारची संगणक संशोधन संस्था उभी राहिली. नव्वदच्या दशकात निर्यातीची कामं वाढली, वाय-टू-केची, म्हणजे २००० साल उजाडताच संगणकांतल्या तारखा चुकतील या भीतीची, गडबड सुरू झाली, आणि कंपन्यांना माणसं कमी पडू लागली. तेव्हा त्यांनी सिव्हिलवाले घेतले, मेकॅनिकलवाले घेतले, गणितातले बीएस्सी, एमएस्सी घेतले. यातल्या अनेकांनी कॉलेजात संगणकाला धड हातही लावलेला नसायचा. त्यांना तीन-चार महिने वर्गात बसवून कोबोल, सी, डेटाबेस शिकवलं जायचं, आणि मग एखाद्या जुन्या माणसाच्या शेजारची खुर्ची मिळायची. पगार पहिल्या महिन्यापासून सुरू. आज पन्नाशीत असलेले, मोठ्या हुद्द्यांवर पोहोचलेले कितीतरी मराठी इंजिनिअर याच वाटेनं आले. आपण कष्टानं वर आलो असं ते सांगतात, आणि ते खरंच आहे. पण ते कष्ट करत असताना त्यांच्या हातात पगार होता आणि शेजारी शिकवणारा माणूस होता, हेही तितकंच खरं आहे.

कंपन्यांनी तेव्हा उपकार केले असं नाही. सेवा देणाऱ्या कंपनीचं गणितच तसं असतं. ग्राहकाकडून माणसामागे, तासामागे पैसे घ्यायचे. वर थोडे अनुभवी, खाली भरपूर नवखे. खालचा थर जितका स्वस्त तितका नफा जास्त. त्या नवख्याला वर्षभरात कामाचा करणं ही कंपनीचीच गरज होती.

मग बिनसलं कुठे? एक तर पुरवठा वाढला. मागणी असो नसो, कॉम्प्युटरच्या जागा वाढत गेल्या. २०२४-२५ पासून तर एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेनं, निकष पूर्ण करणाऱ्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादाच काढून टाकली. दुसरं म्हणजे, ग्राहक 'आम्हाला अनुभवीच माणूस द्या' म्हणू लागला आणि कंपन्यांना पहिल्या दिवसापासून बिल लावता येईल असाच माणूस हवासा झाला. परिणाम पगारात दिसतो. २०१० च्या आसपास मोठ्या सेवा कंपन्यांत नवख्याला वर्षाला तीन-सव्वातीन लाख मिळायचे. आज तिथेच साडेतीनच्या आसपास मिळतात. त्या काळातलं वाकडमधलं कॉट बेसिसचं भाडं आणि मेसचा दर आठवून पाहा, म्हणजे हा पगार प्रत्यक्षात किती घटला ते कळेल. २०२२ साली ऑफर लेटर दिलेल्या मुलांना काही कंपन्यांनी दोन-दोन वर्षं रुजूच करून घेतलं नाही. ती मुलं घरी बसून होती, आणि शेजारीपाजारी 'अजून बोलावलं नाही का' विचारत होते.

ही रिकामी जागा क्लासवाल्यांनी भरली. पुण्यात डेक्कन, कर्वे रोड, वाकड कुठेही जा, 'फुल स्टॅक जावा', 'डेटा सायन्स विथ एआय', 'शंभर टक्के प्लेसमेंट' अशा पाट्या दिसतात. फी तीस-चाळीस हजारांपासून लाखापर्यंत. चार वर्षांची इंजिनिअरिंगची फी भरून झालेल्या बापानं ही वेगळी भरायची, शिवाय पोरगं सहा महिने पुण्यात राहणार, त्याचा खर्च वेगळा. काही क्लास चांगले आहेत, तिथले शिक्षक जीव तोडून शिकवतात. सी-डॅकच्या सहा महिन्यांच्या पीजी-डॅक अभ्यासक्रमानं तर साध्या कॉलेजांतल्या असंख्य मुलांना उभं केलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंतची ती मेहनत ज्यानं केली आहे त्याला मी मुलाखतीत ओळखतो. पण तिथेही फी लाखाच्या घरात जाते, आणि ती विद्यार्थीच भरतो. ज्याच्या घरी एवढे पैसे काढता येत नाहीत, तो हुशार असूनही पहिल्या दारातच अडतो.

याच्या पुढची पायरी काळी आहे. कुठेच अनुभव मिळत नाही आणि जाहिरातीत मात्र 'किमान दोन वर्षं' मागतात, म्हणून मुलं अनुभवच विकत घेतात. कुठल्याशा कागदी कंपनीचं अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, काही ठिकाणी तर पीएफ भरल्याची नोंदसुद्धा. दोन-तीन लाख घेऊन 'मागच्या दारानं' नोकरी लावून देणारे दलाल निराळेच. पकडलं गेलं की मुलाच्या नावावर कायमचा डाग बसतो. मी या लबाडीचं समर्थन करत नाही. तशी माणसं मी मुलाखतीत पकडली आहेत आणि नाकारली आहेत. पण अनुभव मिळवण्याची सरळ वाट बंद केली की वाकड्या वाटेला भाव येतो, आणि वाट बंद करणाऱ्यांनी नंतर नुसतं नीतीचं प्रवचन द्यावं हे मला पटत नाही.

आता कुणी म्हणेल, कॉलेज कशासाठी आहे मग? शिकवणं त्यांचं काम आहे. खरं आहे, आणि कॉलेजांनी आपलं काम फार वाईट केलं आहे. प्रॅक्टिकलची जर्नलं एकमेकांची बघून उतरवली जातात. प्रोग्राम चालला का यापेक्षा फाइलवर सही झाली का याला महत्त्व असतं. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पैसे मोजून तयार मिळतो, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशनसकट. परीक्षकाला ते कळतं, गाइडला कळतं, विद्यार्थ्याला तर कळतंच. पण शिकवणाऱ्यांची अवस्था काय आहे तेही बघा. कित्येक ठिकाणी तरुण प्राध्यापक तासिका तत्त्वावर किंवा तुटपुंज्या ठोक पगारावर राबतात, त्यांनी स्वतः कधी चालू प्रणालीवर काम केलेलं नसतं, आणि कॉलेजच्या मूल्यांकनासाठी लागणाऱ्या नॅकच्या फायली तयार करण्यातच त्यांचं निम्मं वर्ष जातं.

तरीही मी असं म्हणेन की कॉलेज कितीही सुधारलं तरी ते एका मर्यादेपलीकडे हे शिकवूच शकत नाही. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेसचे नियम ते शिकवू शकतं आणि ते त्यानं उत्तम शिकवावं. पण हजारो लोक रोज वापरत असलेलं, पाच-सात जणांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेलं सॉफ्टवेअर हातात घेऊन त्यात काय बिघडलं हे शोधणं वर्गात शिकवता येत नाही. ते काय असतं हे सांगायला एक उदाहरण देतो.

मी काम करत होतो तिथे एका दूध संकलनाच्या सॉफ्टवेअरचं काम होतं. शेतकरी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालतो, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) मोजून पावती निघते, आणि दर दहा दिवसांनी बिल होतं. तक्रार अशी आली की काही शेतकऱ्यांचं अकरा तारखेच्या सकाळचं दूध अकरा ते वीसच्या बिलात दिसतच नाही. ते एक ते दहाच्या बिलात गेलेलं असायचं. एकूण बेरीज बरोबर, एक रुपयासुद्धा कमी नाही. पण शेतकरी पावत्या जपून ठेवतो आणि बिलाशी ताडून बघतो. पावती एका तारखेची आणि बिलात भलतीच तारीख, म्हटल्यावर त्याला संशय येणारच.

हे काम एका नव्यानं लागलेल्या मुलीकडे दिलं. दोन दिवस तिनं बिलाचा सगळा कोड वाचला. सूत्रं बरोबर, बेरजा बरोबर. चूक सापडेना. तिच्या वरिष्ठाला दोष कशात असेल याचा अंदाज आला होता, पण त्यानं सांगितला नाही. 'चुकलेल्या आणि न चुकलेल्या, दोन्ही पावत्या एकत्र घे आणि वेळेप्रमाणे लावून बघ,' एवढंच म्हणाला. संध्याकाळी ती आली. 'सर, ५ वाजून २८ मिनिटांची पावती चुकीच्या बिलात गेलीय आणि ५ वाजून ३४ ची बरोबर बिलात आहे.' तो म्हणाला, 'मग त्या सहा मिनिटांत काय झालं?' ती काही क्षण गप्प होती, आणि मग एकदम उजळली. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर चालत होतं. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे मध्यरात्र होऊन तारीख बदलते. जो शेतकरी गोठ्यातली कामं लवकर उरकून साडेपाचच्या आत केंद्रावर पोहोचायचा, त्याचं दूध आदल्या दिवशी नोंदलं जात होतं. महिन्यात इतर दिवशीही हे होत होतं, पण दिसत होतं ते फक्त बिलाची दहा दिवसांची सीमा ओलांडली की.

खरं शिक्षण यानंतर झालं. तिनं पहिल्यांदा सुचवलं की वेळेत साडेपाच तास मिळवून टाकू. वरिष्ठानं विचारलं, आधीच्या नोंदींचं काय? केंद्रावर इंटरनेट नसताना मशिनमध्ये साठलेल्या आणि दुपारी वर चढलेल्या पावत्यांचं काय? संकलनाची तारीख ठरवायची कुणी, सर्व्हरनं की केंद्रानं? त्या चर्चेतून असं ठरलं की पावतीवर छापलेली तारीख आणि सकाळ-संध्याकाळची पाळी हीच खरी धरायची आणि ती वेगळी साठवायची; घड्याळाची वेळ नुसती नोंदीपुरती. मग तिनं केंद्रचालकाला फोन करून, त्याच्या भाषेत, काय होत होतं ते समजावून सांगितलं. त्या आठवड्यात ती जे शिकली ते कुठल्याही अभ्यासक्रमात नाही: पुरावा गोळा करायचा कसा, अंदाज तपासायचा कसा, दुरुस्तीनं दुसरं काही मोडतंय का हे बघायचं कसं, आणि सॉफ्टवेअर वापरणाऱ्या माणसाचा दिवस कसा सुरू होतो हे समजून घ्यायचं कसं. त्यासाठी कंपनीला फार खर्च आला नाही. एका जाणत्या माणसानं रोज अर्धा तास दिला आणि उत्तर माहीत असूनही तोंडाला कुलूप घातलं.

असा अर्धा तास प्रत्येक नवख्याला मिळावा, आणि तो कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसावा, ही माझी मागणी आहे.

आपल्याकडे इतर व्यवसायांनी हे फार पूर्वी मान्य केलं आहे. एमबीबीएस झालेल्याला वर्षभर इंटर्नशिप केल्याशिवाय डॉक्टर म्हणून कायमची नोंदणी मिळत नाही. सीए व्हायचं तर आर्टिकलशिप चुकत नाही. गावोगावच्या सीएंच्या ऑफिसात पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं व्हाउचर तपासत घडली आहेत आणि त्यांना थोडा का होईना स्टायपेंड मिळत आला आहे. जर्मनीत १९९७ पासून सॉफ्टवेअरसाठीही अशी सोय आहे. शाळा संपलेला मुलगा कंपनीत उमेदवारी करतो, आठवड्यातले काही दिवस व्यावसायिक शाळेत जातो, तीन वर्षं कंपनी त्याला पैसे देते आणि शेवटी परीक्षा होऊन मान्यताप्राप्त पात्रता मिळते. लांब कशाला, तमिळनाडूत झोहो ही कंपनी २००४-०५ पासून बारावी आणि डिप्लोमा झालेल्या मुलांना फी न घेता, उलट स्टायपेंड देऊन शिकवते आणि मग कामावर घेते. तेन्काशीसारख्या लहान गावाजवळ बसून ती जगभर विकलं जाणारं सॉफ्टवेअर बनवते. पुण्यात, नागपुरात, नाशकात हे का होऊ नये?

कायदा आपल्याकडे आहे. १९६१ चा अप्रेंटिस कायदा २०१४ साली बदलला, त्यात बिगर-इंजिनिअरिंग पदवीधरांनाही जागा झाली. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरवला आणि त्यातला निम्मा भार केंद्र सरकार उचलतं. मग हिंजवडी, खराडी, मगरपट्टा या पुण्यातल्या आयटी भागांत अप्रेंटिस सहसा दिसत का नाहीत? एक कारण दंडात आहे. कमी भरलेल्या प्रत्येक जागेमागे महिन्याला पाचशे रुपये, तीन महिन्यांनंतर हजार. एवढा दंड कुठली कंपनी मनावर घेईल? दुसरं कारण रकमेत आहे. नऊ हजारांत पुण्यात कॉट आणि मेस भागवली की बसच्या पासालाही पैसे उरत नाहीत, त्यामुळे ज्याचं घर पुण्यात आहे तोच अप्रेंटिस होऊ शकतो. आणि तिसरं म्हणजे, काय शिकवलं हे कुणी तपासतच नाही. २०२४ साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, पदवीधरांना महिना १०,००० रुपये देऊ केले. हेतू चांगला होता. पण शिकवण्याची जबाबदारी नक्की कुणाची हे ठरलेलं नसलं की प्रशिक्षणार्थी एखाद्या कार्यालयात कागद लावत बसतो आणि मुदत संपली की घरी जातो.

मला वाटतं, सुरुवात सरकारनं स्वतःच्या कामांपासून करावी. महाराष्ट्र सरकार हा सॉफ्टवेअरचा मोठा ग्राहक आहे. सातबाऱ्याचं संगणकीकरण, ई-पीक पाहणी, महाडीबीटी, आपले सरकार, महापालिकांच्या कर प्रणाली, यादी लांब होईल. या कामांच्या निविदांत एक अट घाला: कंत्राटदारानं कामाच्या आकाराप्रमाणे ठरावीक अप्रेंटिस घ्यावेत, प्रत्येकाला नावानिशी एक मार्गदर्शक असावा, आणि त्यांनी केलेल्या कामाची नोंद कोडच्या इतिहासात दिसावी. ही शेवटची अट महत्त्वाची आहे, कारण सॉफ्टवेअरमध्ये कुणी काय लिहिलं, कुणी तपासलं, काय सुधारायला सांगितलं, सगळं गिटमध्ये, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या साधनात, तारीखवार राहतं. हजेरीपट खोटा भरता येतो, कोडची सहा महिन्यांची तपासणी खोटी रचणं फार अवघड. राज्याच्या २०२३ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात उद्योगाला मुद्रांक शुल्क, वीज शुल्क यांसारख्या सवलती आहेत. त्यातला काही भाग नवख्यांना शिकवण्याशी बांधावा. सवलत घ्यायची तर माणसं घडवून दाखवा, यात उद्योगावर जुलूम काही नाही.

कॉलेजांनीही शेवटचं वर्ष मोकळं करावं. आठव्या सत्रात इंटर्नशिपची मुभा आता बऱ्याच ठिकाणी आहे, पण मुलानं ती स्वतःच शोधायची आणि कित्येकदा पैसे भरून प्रमाणपत्र आणायचं असा प्रकार चालतो. पैसे घेऊन दिलेल्या इंटर्नशिपला विद्यापीठानं श्रेयांक देऊच नयेत. हा एक नियम केला तरी एक अख्खा बाजार बंद पडेल.

कंपन्यांचा आक्षेप मला माहीत आहे, तो मी टेबलाच्या पलीकडून ऐकला आहे. आम्ही शिकवतो आणि वर्षभरात पोरगं दुसरीकडे पळतं. पळतं, कारण दुसरी कंपनी त्याच कामाचे दीडपट-दुप्पट देते आणि पहिली कंपनी त्याला अजून 'फ्रेशर' समजते. वर्षानंतर त्याच्या नव्या किमतीप्रमाणे पगार द्या, निम्मे तरी थांबतील. उरतो बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या एका प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. भरतीवर झालेला खर्च मालकानं वसूल करू पाहणं न्यायालयाला अवाजवी वाटलं नाही. ठीक आहे. पण मग शिकवण्याचा खर्च म्हणून बाँड घेणाऱ्या कंपनीनं काय शिकवलं, किती तास, कुणी, हे करारात लिहून द्यायला हवं. आज लहान कंपन्या मूळ गुणपत्रिका कपाटात अडकवून ठेवतात आणि शिकवण्याच्या नावानं यूट्यूबची लिंक पाठवतात. मूळ कागदपत्रं ठेवून घेण्यावर कामगार खात्यानं कडक बंदी घालून ती राबवायलाच हवी.

दुसरा आक्षेप नवा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅट-जीपीटी आलं, कोड लिहून देणारी साधनं त्याच्या आगेमागे आली, आणि आता नवख्याची गरजच काय असं बोललं जातं. नवखा जे साधं काम करायचा ते यंत्र करतं, हे बऱ्याच अंशी खरं आहे. मी स्वतः ही साधनं रोज वापरतो. पण दुधाच्या त्या उदाहरणाकडे पुन्हा बघा. तारखेचा तो कोड यंत्राला लिहायला सांगितला असता तर त्यानं पहिल्या फटक्यात कदाचित तसाच लिहिला असता, कारण तो वाचायला अगदी बरोबर दिसतो. पहाटे पाच वाजता दूध घालायला माणूस येतो हे कुणीतरी सांगावं लागतं. आलेलं उत्तर चूक आहे हे ओळखायला जी नजर लागते, ती अशाच चुका स्वतः शोधून तयार होते. आज नवखे घेणं बंद केलं तर दहा वर्षांनी ही नजर असलेली माणसं येणार कुठून? दुसऱ्या कंपनीतून उचलू, असं प्रत्येक कंपनी मनात म्हणते आहे. सगळ्यांनीच तसं म्हटलं तर उचलायला कुणी उरणार नाही. प्रत्येकाच्या सोयीतून सगळ्यांचं नुकसान होतं तिथेच धोरण लागतं, म्हणून हा प्रश्न मी खासगी मानत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मुलाखतीत फार खुपते. मराठी माध्यमातून आलेली, परभणी-धुळ्याकडची मुलं इंग्रजीत अडखळली की आपल्याला विषयच येत नाही असं धरून चालतात, आणि समोरचाही तसंच धरतो. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या एका महाविद्यालयात मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सुरू झालं, ते मोठं पाऊल होतं. नोकरीत इंग्रजी लागतंच, ते शिकावंच. पण मुलाखतीत 'मराठीत सांग' म्हटल्यावर तोच मुलगा डेटाबेसचं लॉकिंग (एकच नोंद दोघांनी एकाच वेळी बदलू नये म्हणूनची सोय) फळ्यावर काढून इतकं स्वच्छ समजावतो की आपण थक्क व्हावं. विचार येतो की नाही हे आधी त्याच्या भाषेत बघा, इंग्रजीचं सहा महिन्यांत जमतं.

धोरण बदलायला वेळ लागेल, आणि या वर्षी पास होणाऱ्या मुलांना तेवढा वेळ नाही. त्यांना माझं सांगणं थोडकं आहे. दहा कोर्सांची प्रमाणपत्रं गोळा करू नका. एक खरं काम शोधा, ज्याचा वापर करणारा माणूस तुम्हाला भेटू शकतो: गावातली पतसंस्था, मामाचं खताचं दुकान, शाळेचं ग्रंथालय, मंडळाची वर्गणी. ते लिहा, त्याला वापरायला द्या, आणि तो तक्रार करेल तेव्हा पळून जाऊ नका. मुलाखतीत ई-कॉमर्सचा प्रोजेक्ट घेऊन आलेल्या मुलांना मी विचारतो, नेट मंद आहे म्हणून ग्राहकानं 'पैसे भरा'चं बटण दोनदा दाबलं तर काय होईल? बहुतेकांनी कधी विचारच केलेला नसतो. ज्याच्या दुकानदार मामानं 'पैसे दोनदा कसे लागले रे' म्हणून एकदा झापलेलं असतं, त्याला उत्तर येतं. गिट पहिल्या वर्षापासून वापरा. दुसऱ्याचा कोड वाचा. लिहिण्यापेक्षा वाचणं जास्त पडतं या कामात. एआयची मदत घ्या, पण त्यानं दिलेली ओळ का चालते हे सांगता येत नसेल तर ती ठेवू नका. आणि पहिली नोकरी निवडताना दोन-चार हजारांच्या फरकापेक्षा तुमचं काम तपासणारा माणूस तिथे आहे का हे बघा. हे बघणं ज्यांना परवडत नाही, घरी पैसे पाठवणं ज्यांना भाग आहे, त्यांच्यासाठीच वरच्या सगळ्या मागण्या आहेत.

एक काम मात्र याच हंगामात, कुठलाही शासन निर्णय न होता करता येईल. कॅम्पसला येणाऱ्या कंपनीकडून प्लेसमेंट सेल पगाराचा आकडा लेखी घेतो, त्याच कागदावर आणखी चार ओळी मागाव्यात: गेल्या वर्षी ऑफर दिलेल्यांपैकी किती जणांना रुजू करून घेतलं, किती महिन्यांनी, नव्या माणसाचा कोड तपासण्याची जबाबदारी कुणाची असते, पहिल्या वर्षानंतर किती जण कामावर राहिले, बाँड आहे का, असल्यास त्याच्या बदल्यात काय शिकवणार. उत्तरं सूचनाफलकावर लावावीत, 'हायेस्ट पॅकेज'च्या शेजारी. आणि प्रवेशाच्या वेळी पालकांनी कॉलेजच्या कौन्सेलिंगला बसताना हाच कागद दाखवा म्हणावं.